डावी बाजू कुणाची

कोरियातल्या वोन्जूच्या बाजारात, भाजक्या रताळ्यांच्या गाडीसमोरच्या तळघरात यॉन-जूचं पीसी-बांग होतं. तासावर संगणक घ्यायचा, खुर्चीत रुतून बसायचं, नूडल्स मागवायच्या आणि जग विसरायचं, एवढाच तिथला धर्म. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजातलं. अपवाद दोघांचा. एक समोरच्या चिकनच्या दुकानातल्या नाम बाई. दुपारची गर्दी ओसरली की त्या एप्रनसकट खाली उतरायच्या. आणि दुसरे यॉन-जूचे वडील, मेंग गिल-हो. दर शनिवारी ते आपली पिवळी व्हॅन मागच्या गल्लीत लावून रणगाडा खेळायला हजर.

'खेळायला' म्हटलेलं आप्पांना खपायचं नाही. "खेळ तुमचा. मी ड्यूटीवर आलोय," असं म्हणून ते कोट काढायचे आणि टोपी तशीच ठेवायचे. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत ते चॉरवोनच्या सीमेवर खऱ्याखुऱ्या रणगाड्याचे कमांडर होते. त्या दिवसांच्या गोष्टी सुरू झाल्या की घरातल्या बायका जेवणाची भांडी उचलून स्वयंपाकघरात पळतात. हे कोरियातल्या घरोघरी चालतं. यॉन-जूची आई होती तेव्हा तीही पळायची. ती गेल्यावर आप्पांना ऐकणारं कुणी उरलं नाही, पळणारंही कुणी उरलं नाही. म्हणून यॉन-जूने कोपऱ्यातल्या टेबलावर तीन मोठे पडदे जोडून दिले, एक समोर आणि दोन्ही बाजूंना एकेक, आणि म्हणाली, "घ्या तुमचा रणगाडा."

हा गेम लाडावून ठेवणारा नव्हता. शत्रू कुठे आहे ते नकाशावर लाल ठिपका लावून सांगायचा नाही. कमांडरने झाकण उघडून डोकं बाहेर काढायचं, दुर्बीण लावायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी शोधायचं. डोकं आत ठेवलं तर काही दिसत नाही, बाहेर काढलं तर उडतं. कधी वर यायचं आणि कधी बुडी मारायची एवढंच काय ते कमांडरचं कसब, आणि त्यात आप्पांचा हात धरणारं त्या तळघरात कुणी नव्हतं. नाम बाई ड्रायव्हर असायच्या आणि चिकन तळावं तशा धडाधड गाडी हाणायच्या. यॉन-जू तोफेवर.

"रणगाडा शोधू नकोस पोरी," आप्पा शिकवायचे. "रणगाडा शोधशील तर सापडायचा नाही. सरळ रेघ शोध. जंगलात देवाने सरळ रेघ काढलेली नाही. धूळ दिसली तर धुळीकडे बघू नकोस, ती कुठे थांबली ते बघ. आणि एका जागी डोकं दोनदा काढायचं नाही. पहिल्यांदा तू त्याला बघतेस, दुसऱ्यांदा तो तुझी वाटच बघत असतो."

आणि खरंच, उजवीकडच्या टेकडीवर, पानांच्या गर्दीत नखाएवढी सरळ रेघ ते अशी टिपायचे की मागे उभी असलेली पोरं शिट्ट्या मारायची.

पण गेल्या काही महिन्यांत त्यांचा रणगाडा वारंवार उडायला लागला होता, आणि दर वेळी डावीकडून.

"मेलो!" नाम बाई हेडफोन आपटायच्या. "परत डावीकडूनच! कमांडर साहेब, अहो तिकडे तो बैलाएवढा रणगाडा उभा होता. मला ड्रायव्हरच्या फटीतून दिसला, तुम्हाला नाही दिसला?"

"डावीकडे बघायचं काम कमांडरचं नसतंच मुळी," आप्पा शांतपणे सांगायचे. "कमांडर बसतो उजवीकडे. डावीकडे बसतो गोळा भरणारा. आमच्या गाडीत बोंग-चुल होता. मी त्याच्या हेल्मेटवर दोनदा टकटक केलं की त्याने समजायचं, डावी बाजू तुझी. मग मी तिकडे ढुंकूनही बघायचो नाही. एवढा भरवसा! तुमच्या या गेममध्ये गोळे संगणकच भरतो. माणूसच नाही, मग बघणार कोण? सवयीचा दोष आहे, बाई."

पोरांना ही टकटक फार आवडली. ती एकमेकांच्या डोक्यावर टकटक करून टॉयलेटला जायला लागली. यॉन-जूलाही वाटलं, खरंच असेल. अंगवळणी पडलेलं काही जात नाही. शिवाय खरं सांगायचं तर, तिला ते खरं असायला हवं होतं. व्हॅनचा डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला तिने पाहिला होता. "पार्किंगचा खांब पुढे आला," असं आप्पा म्हणाले होते, आणि खांब पुढे येत नसतात हे ठाऊक असून ती हसली होती. त्या व्हॅनमधून आप्पा तायक्वांदोच्या क्लासची पोरं घरून आणायचे आणि घरी सोडायचे. बायको गेल्यावर सकाळी उठायला त्यांना तेवढं एकच कारण उरलं होतं.

थंडीच्या सुरुवातीला बोंग-चुल आला. तोच तो, गोळे भरणारा. गांगनुंगला समुद्रावर राहायचा, मुलीच्या घरी जाताना वाटेत उतरला होता. हातात सुक्या माखल्यांचा गठ्ठा, तोंडात सगळे सोन्याचे दात. दारातूनच त्याने टाचा जुळवून असा कडक सलाम ठोकला की शेजारच्या पोराच्या नूडल्स सांडल्या.

"कमांडर साहेब, गोळा भरणारा हजर!"

"उशीर केलास गाढवा. चाळीस वर्षं तोफ रिकामी आहे," आप्पा म्हणाले आणि दोघांनी एकमेकांच्या पाठीवर इतका वेळ थापा मारल्या की शेवटी दोघांनाही खोकला लागला.

मग आप्पांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि डाव सुरू झाला. बोंग-चुलला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो नुसताच माखली चघळत तिन्ही पडदे बघत होता. आप्पांनी उजवीकडचे दोन रणगाडे हेरले, यॉन-जूने ते उडवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग डाव्या पडद्यावर, उघड्या शेतातून, लपायचे कष्टही न घेता एक रणगाडा चालत आला, थांबला, तोफ फिरवली आणि यांना उडवून मोकळा झाला.

"मेलो!" नाम बाई ओरडल्या. "काय हो बोंग-चुल भाऊ, डावी बाजू तुमची ना? झोपला होतात का?"

"माझी?" बोंग-चुल चघळायचा थांबला.

"टकटक केलं की डावी बाजू तुमची, असं साहेब सांगतात."

बोंग-चुल खो खो हसत सुटला. "टकटक? अहो बाई, ती टकटक मिळावी म्हणून सबंध नोकरी तरसलो मी! बाकी सगळ्या गाड्यांचे कमांडर डावी बाजू सोडायचे. आमचे साहेब? छे! मी मान वर केली की लाथ बसायची. 'तू गोळा भर, डावीकडे मी बघतोय.' आख्ख्या बटालियनमध्ये यांना म्हणायचे घुबड. मान कुठवर फिरायची देव जाणे. एकदा भर धुक्यात डावीकडून येणारा ट्रक यांनी पाहिला म्हणून आज मी इथं माखली खातोय."

सगळे हसले. आप्पाही हसले, पण जरा उशिरा. यॉन-जू मात्र हसली नाही. तिला चिकटपट्टीने बांधलेला तो आरसा आठवला.

ती काउंटरवर गेली. भाजक्या अंड्यांच्या टोपलीतलं एक अंडं तिने घेतलं आणि आप्पांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. अंडं हातावर ठेवून तिने हात पुढे केला, थेट त्यांच्या गालाजवळ. आप्पा समोर बघत बोंग-चुलला धुक्याची गोष्ट पुढे सांगत होते. तिने हात हलवला. गोष्ट चालूच. तिने हात आणखी पुढे नेला. बोंग-चुलला तो दिसला, नाम बाईंना दिसला.

"अगं यॉन-जू," आप्पांनी काउंटरकडे तोंड करून हाक मारली, "पाहुण्याला अंडं तरी दे. कुठे गेलीस?"

बोंग-चुलने हात लांब करून यॉन-जूच्या हातातलं अंडं घेतलं. "मिळालं साहेब, मिळालं," तो म्हणाला, आणि अंडं सोलायला लागला. सोलता सोलता त्याने ते अर्धं चुरून टाकलं.

बोंग-चुलला बसमध्ये बसवून दिल्यावर यॉन-जू आप्पांच्या मागोमाग गल्लीत गेली. आप्पा व्हॅनचं दार उघडत होते.

"आप्पा, किल्ली द्या."

"का?"

"आज बसने जा. मी येते सोबत."

"एका गेमवरून?" आप्पांचा आवाज चढला. "गेम वेगळा, रस्ता वेगळा! चाळीस वर्षं गाडी चालवतोय. तुला शाळेत सोडायचो तेव्हा तू चालवत होतीस का?"

"आरसा कसा फुटला?"

"सांगितलं ना, खांब."

"आप्पा, मी अंडं घेऊन तुमच्या गालापाशी उभी होते. आणि तुम्ही मला हाका मारत होतात."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. पाहायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली, आणि आता हे तिलाही दिसत होतं. ते व्हॅनच्या पायरीवर बसले. आत सीटवर कुणाचा तरी तायक्वांदोचा इवलासा पांढरा पट्टा राहून गेला होता, तो उचलून त्यांनी उगाच घडी घालायला घेतली.

"मला वाटलं चष्मा बदलला की होईल," ते म्हणाले. "पोरांना सांभाळायला गाडीत क्वॉन बाई असतात. वळायच्या आधी मी त्यांना विचारतो, डावीकडे कुणी आहे का. त्या सांगतात. त्यांना वाटतं म्हातारा फार शिस्तीचा." त्यांनी पट्ट्याची घडी पुन्हा मोडली. "मागच्या आठवड्यात क्वॉन बाई धाकट्या हा-रिनच्या बुटाची नाडी बांधत होत्या. मी विचारलं, कुणी बोललं नाही. मला वाटलं नसेल कुणी. वळलो. एक बाई बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. ती किंचाळली म्हणून ब्रेक लागला, पोरी. मी पाहिलं म्हणून नाही. मी तिला पाहिलंच नव्हतं."

"मग त्यानंतरही का चालवलीत?"

"ती पोरं मला 'आजोबा, आज काय पाहिलंत' विचारतात. रोज काहीतरी शोधून ठेवतो त्यांच्यासाठी. बगळा, नाहीतर पतंग. मी गाडी सोडली तर मी कुणासाठी काय बघायचं, सांग?"

यॉन-जूला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण समोर बसलेला माणूस तो छोटा पट्टा गुडघ्यावर पुन्हापुन्हा सरळ करत होता, आणि तिला त्याच्यावर ओरडणं जमेना. ती त्याच्या शेजारी बसली, डाव्या बाजूला, आणि त्याला कळावं म्हणून खांद्याला खांदा लावला. जरा वेळाने किल्ली तिच्या मांडीवर आली. तिने ती पुन्हा मागितली नव्हती.

डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण बाईंनी आडपडदा ठेवला नाही. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याचीही नाकाकडची, म्हणजे डावीकडची, नजर जायला लागलीय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखता येईल, पण थेंब चुकवायचे नाहीत. "इतके दिवस कळलं कसं नाही?" त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "कळलं होतं. कानाडोळा केला." आणि स्वतःच ओशाळून हसले.

तिथून ते सरळ क्लासवर गेले. आप्पांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, बाबागाडीचंसुद्धा. यॉन-जू बाहेर पायताणांच्या मांडणीपाशी उभी होती. क्लासच्या मास्तरांनी खूप वेळ मान खाली घालून ऐकलं. ते चिडले असणार, चिडायलाच हवं होतं, पण आप्पा बाहेर पडताना त्यांनी कमरेत वाकून निरोप दिला. हा-रिन पट्टा घ्यायला धावत आली आणि नेहमीचंच विचारलं, "आजोबा, आज काय पाहिलंत?"

आप्पा खाली बसले. "आज मी माझी चूक पाहिली," ते म्हणाले. हा-रिनला ते काही पटलं नाही. तिला बगळा हवा होता.

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. व्हॅन नव्हती, म्हणून दोघं पायीच निघाले. बाजाराच्या मोठ्या चौकात हिरवा दिवा लागला आणि माणसं ओलांडायला लागली. आप्पा मात्र कडेलाच थांबले. त्यांनी मान डावीकडे वळवायला घेतली, जुन्या घुबडासारखी. अर्ध्यातच थांबवली आणि परत समोर आणली.

मग त्यांनी हात उचलला आणि यॉन-जूच्या लोकरी टोपीवर बोटांनी दोनदा टकटक केलं.

बोंग-चुलला सबंध नोकरीत जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालंय, हे तिला लगेच कळलं. तिचे डोळे भरून आले, आणि आता भरून चालणार नव्हतं. तिने बाहीने ते पुसले आणि डावीकडे पाहिलं, ते शिकवायचे तसं, एका जागी न अडकता.

"डावीकडे चिकनची डिलिव्हरी," ती म्हणाली. "स्कूटर. नाम बाईंचाच माणूस आहे, थांबायचा नाही. थांबा... गेला. रस्ता मोकळा."

"मोठ्याने बोल," आप्पा म्हणाले आणि तिचा हात धरून समोर बघत पाऊल टाकलं. "रणगाड्यात ऐकू येत नाही."