दुसऱ्या रेकॉर्डवरचा ड्रमर

बुधवारी सकाळी लेस्टरच्या बाजारातल्या कॅफेत विल्फ ओल्डरॉइडने आमच्या नव्या रेकॉर्डचं परीक्षण मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही म्हणजे ‘कॉपर हेरन’ हा चौघांचा बँड. विल्फ ड्रमर, मी नेविल स्टब्ज बास गिटारवर, बॅरी गिटार वाजवून गायचा आणि ऑर्गनवर क्रिस्पिन हॅलोवेल. गाणी क्रिस्पिनची, त्यामुळे हुकूमही त्याचाच. साल १९७२, ऑक्टोबर महिना.

‘दीड वर्षापूर्वीची पहिली रेकॉर्ड म्हणजे उतारावरून पळत सुटलेली चार मुलं होती,’ विल्फ वाचत होता. ‘थांबायचं कसं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या रेकॉर्डवर तीच मुलं मोठी होऊन आली आहेत. सगळ्यात जास्त मोठा झालाय तो ड्रमर. पहिल्या रेकॉर्डवर त्याची लय प्रत्येक गाण्यात चढत जाते आणि बाकीचे धापा टाकत मागून येतात. इथे एकवीस मिनिटांच्या गाण्यात तो सात मात्रांचा ठेका असा धरून ठेवतो की त्यावर घड्याळ लावून घ्यावं. विल्फ ओल्डरॉइड हे नाव लक्षात ठेवा.’

त्यानं पेपराची घडी केली आणि अंड्याच्या बशीखाली सारली.

‘लक्षात ठेवा म्हणे,’ तो म्हणाला. ‘ठेवशील ना रे, नेविल?’

बॅरी हसला. मला हसता येईना. त्या नव्या रेकॉर्डवर विल्फचा एकही ठोका नव्हता.

झालं होतं ते असं. मे महिन्यात डरहमच्या एका कॉलेजात कार्यक्रम आटोपून आम्ही क्रिस्पिनचा ऑर्गन जिन्यावरून उतरवत होतो. कपाटाएवढा तो ऑर्गन. खालची बाजू विल्फच्या हातात, वरची माझ्या. माझी पकड सुटली. ऑर्गन तीन पायऱ्या घसरला आणि विल्फचं उजवं मनगट भिंतीत चिरडलं. ऑर्गनला ओरखडाही आला नाही.

स्टुडिओ जूनसाठी ठरलेला. रेकॉर्ड कंपनी तारीख पुढे ढकलायला तयार नव्हती. क्रिस्पिननं लंडनहून रेग मनसेल नावाचा पन्नाशीचा ड्रमर आणला. नाचाच्या हॉलांमध्ये त्याची हयात गेलेली. आधी ठरलं, रेग फक्त दोन गाणी वाजवेल. मग चार झाली. मग सगळीच. रेकॉर्डचं कव्हर तोवर छापायला गेलं होतं, त्यावर ड्रमर म्हणून विल्फचं नाव.

‘नाव तुझंच राहू दे,’ क्रिस्पिन त्याला म्हणाला होता. ‘तुझ्यासाठीच करतोय हे.’

हाताला प्लास्टर असलेला माणूस यावर काय बोलणार? विल्फनं मान डोलावली होती.

आता प्लास्टर निघालं होतं आणि दौरा एकोणीस दिवसांवर आला होता. पहिलाच कार्यक्रम आमच्याच गावात. लोक ती नवी रेकॉर्ड ऐकून येणार आणि विल्फनं तसंच वाजवावं म्हणून वाट बघणार. जोड्यांच्या गुदामावर आमची तालमीची खोली होती. तिथे तो आमच्याआधी दोन तास जायचा आणि आम्ही गेल्यावरही थांबायचा. एकवीस मिनिटांच्या त्या गाण्यात बाराव्या मिनिटाला त्याची लय सुटायचीच. सुटायची म्हणजे चढायची. क्रिस्पिन हात वर करून थांबवायचा आणि काही न बोलता पुन्हा सुरुवात करायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

विल्फला एका जागी बसवेना. बसमध्ये तो गुडघ्यावर सात मोजायचा. त्याची बायको मॉरीन मला म्हणाली, ‘जेवताना काट्यानं ताट बडवत असतो. काही विचारलं तर म्हणतो, थांब, पाच झालेत, दोन राहिलेत.’

मीही त्या दिवसांत घरी दोन्ही रेकॉर्डी आलटूनपालटून लावायचो. दुसरी चांगली होती, यात वाद नव्हता. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, समेवर सगळे एका पावलात. पहिली आम्ही चार दिवसांत उरकलेली, तिच्यात खोकलासुद्धा ऐकू येतो. पण तिच्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. बॅरी चुकतो, मी त्याच्यामागे चुकतो, सगळं कोसळणार असं वाटतं, आणि विल्फ एक वेडीवाकडी फेक करून आम्हाला उचलून समेवर आणून टाकतो. दर वेळी तिथे मी खुर्चीतून पुढे सरकायचो. दुसऱ्या रेकॉर्डवर तसं कुठेच होत नव्हतं. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नव्हतं, आणि मी उठून पुन्हा पहिली लावायचो.

पुढच्या सोमवारी ते परीक्षण लिहिणारी ऑड्री फेल तालमीच्या खोलीवर मुलाखतीला आली. तिशीची, सडेतोड बाई. आल्याआल्या कोट न काढताच ती ड्रमच्या समोर स्टूल ओढून बसली.

‘मला तुमच्याशीच बोलायचंय,’ ती विल्फला म्हणाली. ‘दीड वर्षात हात इतका कसा बदलला?’

‘हात नाही बदलला,’ विल्फ म्हणाला. ‘माणूस बदलला.’

‘छान. म्हणजे आतून काहीतरी बदललं?’

‘आतून नाही हो. ड्रममागचा माणूस बदलला. तो मी नव्हतोच.’

तिची पेन्सिल थांबली. क्रिस्पिन लगेच पुढे आला. ‘विल्फचं हे असंच असतं, ऑड्री. कौतुक केलं की लाजतो.’

ऑड्रीनं क्रिस्पिनकडे बघितलं, बॅरीकडे बघितलं. बॅरी तार जुळवत बसला होता. मग ती माझ्याकडे वळली. ‘तुम्ही सांगा. खरं काय?’

विल्फही माझ्याकडे बघत होता. दौरा, कंपनी, क्रिस्पिनचा चेहरा, सगळं एकदम डोक्यात आलं.

‘थट्टा करतोय तो,’ मी म्हणालो.

विल्फनं काठ्या ड्रमवर ठेवल्या, जाकीट घेतलं आणि जिना उतरून निघून गेला.

तीन दिवस तो तालमीला आला नाही. क्रिस्पिन दुसरा ड्रमर शोधायची भाषा करू लागला. चौथ्या दिवशी मॉरीननं फोन केला. ‘लंडनला गेलाय, त्या रेगकडे. मारामारी करायला गेला की काय, देव जाणे. तूच जाऊन बघ, नेविल. तुझ्याच्यानं तेवढं तरी होईल ना?’

मी व्हॅन काढली. रेगचं घर लंडनच्या लुइशम भागात, एका रांगेतल्या सारख्याच घरांपैकी एक. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आत दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसले होते, मांडीवर सरावाच्या रबरी चकत्या घेऊन, आणि सात मात्रा वाजवत होते. बाजूला सँडविचची थाळी रिकामी पडलेली. विल्फनं माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

‘ये, बस,’ रेग मला म्हणाला. ‘तुझ्या मित्राला सांगून दमलो मी. आता तू ऐक. जूनमध्ये तुमच्याकडे यायच्या आधी मी आठवडाभर तुमची पहिली रेकॉर्ड ऐकली. म्हटलं, या पोरासारखं वाजवून देऊ, म्हणजे कोणाला कळायचं नाही. दोन दिवस घासलं. जमेना. तो कुठून कुठे उडी मारेल, कळतच नाही. शेवटी क्रिस्पिनला म्हणालो, मी आपलं माझं सरळ वाजवतो. तो म्हणाला, तेच हवंय मला.’

‘तेच हवंय असं म्हणाला?’ मी विचारलं.

‘अगदी हेच शब्द.’

विल्फ पहिल्यांदाच बोलला. ‘म्हणजे मनगटाचं निमित्त झालं.’

परतताना नॉर्थहॅम्प्टनपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी मीच म्हणालो, ‘विल्फ, माझं चुकलं.’

‘कुठलं? ऑर्गनचं की त्या बाईसमोरचं?’

ऑर्गनबद्दल आम्ही आजवर कधीच बोललो नव्हतो. मला वाटायचं, पकड माझी सुटली हे त्याला कळलंच नसेल.

‘दोन्ही,’ मी म्हणालो.

‘ऑर्गन घसरतो रे. माझाही घसरला असता. पण तिनं विचारलं तेव्हा तुझ्या हातात काही ओझं नव्हतं. नुसतं, तो खरं बोलतोय, एवढं म्हणायचं होतं.’

मी व्हॅन लेस्टरच्या रस्त्याला लावली.

दौऱ्याच्या पहिल्या दिवशी हॉल भरला होता. एकवीस मिनिटांचं गाणं शेवटी ठेवलेलं. विल्फनं ते रेगनं शिकवलं तसं उचललं, सरळ, एकही ठोका इकडेतिकडे नाही. क्रिस्पिननं वळून मान डोलावली. बारावं मिनिट आलं. मी वाट बघत होतो आणि विल्फनं माझ्याकडे बघितलं. लय चढली. या वेळी ती सुटली नव्हती, त्यानं सोडली होती. क्रिस्पिन मान हलवून लय मागे खेचू लागला. बॅरी गोंधळून त्याच्या बाजूला गेला. मी एक क्षण दोघांच्या मध्ये होतो. मग विल्फच्या पेडलवरच्या पायाकडे बघितलं आणि त्याच्याबरोबर गेलो. चार आवर्तनं सगळा चिखल झाला. पाचव्याला बॅरी आला आणि सहाव्याला क्रिस्पिनचाही नाइलाज झाला. गाणं अठरा मिनिटांत संपलं. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. मागचे काही लोक आधीच निघून गेले होते.

आतल्या खोलीत क्रिस्पिन विल्फवर ओरडला. ‘वाट लावलीस गाण्याची. दीड वर्ष फुकट.’

‘तुझं गाणं रेकॉर्डवर सुखरूप आहे,’ विल्फ म्हणाला. ‘रेगनं वाजवलंय ते.’

ऑड्री दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं वही काढली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. ‘आता पुन्हा विचारू?’

‘नको,’ मी म्हणालो. ‘दुसऱ्या रेकॉर्डवर विल्फ नाही. रेग मनसेल आहे, लुइशमचा. त्या दिवशी मी खोटं बोललो.’

‘मग त्या परीक्षणात मी मूर्ख ठरले,’ ती म्हणाली.

‘नाही,’ विल्फ म्हणाला. ‘लय चढते, हे बरोबर लिहिलंत तुम्ही.’

तिनं पुढच्या अंकात सगळं छापलं, स्वतःच्या चुकीसकट. कंपनीनं हात वर केले, क्रिस्पिननं वकिलाचं पत्र आणलं, आणि तरी करार होता म्हणून आम्ही उरलेले दहा कार्यक्रम केले. काही गावांत गाणं अठरा मिनिटांचं झालं, काही ठिकाणी वीस. एकदा ब्रिस्टलमध्ये ते मधेच बंद पडलं आणि लोकांनी हुर्यो उडवली. डिसेंबरात क्रिस्पिननं नवा ड्रमर घेतला. मी जानेवारीत सोडलं.

विल्फ मोजे विणायच्या कारखान्यात लागला. शनिवारी तो एका पबमध्ये वाजवतो, कधीकधी मीही बास घेऊन जातो. त्या रेकॉर्डी अजून विकल्या जातात. कोणीतरी येऊन हमखास विचारतं, दोन्हींपैकी चांगली कुठली. विल्फ म्हणतो, दुसरी. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पुढचं गाणं सुरू केलेलं असतं, आणि मला धावत जाऊन त्याची लय गाठावी लागते.