आर्डिसची निळी पाटी

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेला मासा असतो, आणि दारासमोर अपंगांसाठी राखलेली एकच जागा. तिच्या बाजूला तिरक्या रेघा मारलेली मोकळी पट्टी आहे. मर्लच्या व्हॅनचा रॅम्प तिथेच उघडतो. दुसरीकडे उघडला तर चाकाची खुर्ची थेट बर्फाच्या ढिगात.

त्या शुक्रवारी मर्ल चार महिन्यांनी घराबाहेर पडला होता. त्याची बायको डोरीन, माझी शेजारीण, हळूच मला म्हणाली, "आज परत फिरलो ना, तर हा पुन्हा बाहेर पडायचं नाव काढणार नाही."

आणि त्या जागेत लायल व्होगेलचा पिकअप. धुऊन चकचकीत, दोन चाकं रेघांवर. आरशाला अपंगांच्या परवान्याची निळी पाटी लटकवलेली, त्याच्या आईची, आर्डिसची. आर्डिसला जानेवारीत पुरलं. त्या दिवशी बटाट्याचा मोठा ट्रे भाजून मीच नेला होता. लायलने तीनदा वाढून घेतलं.

लायलला स्वतःला काय झालंय? काही नाही. गेल्याच आठवड्यात त्याने बोलिंगचा कप जिंकला. आता हातात पेला घेऊन दारात उभा होता.

"लायल, गाडी काढ," डोरीन म्हणाली.

"पाटी दिसत नाही का? पुढच्या जूनपर्यंत चालते ती."

तेवढ्यात शेरीफच्या कचेरीतली पोलीस केसी नोवाक जेवायला आली. पोरगी नवीन, महिन्यापूर्वीच बदलून आलेली.

"पाटी कोणाची?" तिने विचारलं.

"आईची."

"मग त्या कुठे आहेत?"

लायलने पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिला कुठे काय माहीत, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. "आत. मासा खातेय."

मी बोलणार होते, पण डोरीनने माझा हात दाबला.

केसी आत गेली. मांसाची पाकिटं बक्षीस असलेल्या सोडतीचे नंबर पुकारायला जो माईक ठेवलेला असतो, तो तिने उचलला. "आर्डिस व्होगेल, तुमची गाडी बाहेर अडचणीत उभी आहे. कृपया दारापाशी या."

दोनशे काटे ताटांवर थांबले. मग मागच्या टेबलावरून म्हातारा हँक म्हणाला, "बाई, तिला यायला जरा वेळ लागेल."

केसी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "पाटी माणसाला मिळते, गाडीला नाही," ती म्हणाली. "माणूस गेलं की परत करायची. द्या इकडे." दंडाची पावती फाडून तिने त्याच्या हातात दिली.

"अहो, मी दुःखात आहे!"

"दुःखात पाय जात नाहीत, मेल्या," डोरीन म्हणाली.

त्याने गाडी काढली आणि पार टोकाला, बर्फाच्या ढिगापाशी नेऊन लावली. रॅम्प खाली आला. मर्ल अलीकडे एकेक शब्द जुळवून बोलतो. त्याने त्या टोकाकडे बोट केलं.

"आर्डिस... शुक्रवारी... तिथेच लावायची."

ते मला माहीत होतं. दोन्ही गुडघे गेलेली ती बाई काठी टेकत तिथून चालत यायची. आरशाला पाटी असूनसुद्धा. 'मर्ल येईल,' एवढंच म्हणायची.

लायल आता त्याच वाटेने येत होता, धापा टाकत. आईपेक्षा जास्त वेळ लावला त्याने. मर्लची खुर्ची आत गेल्यावर मी दार लावून घेतलं.