सात रंगांखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागांना लागून एक आवार आहे. तिथल्या कडुलिंबाखाली मी उभा असतो. सकाळी माझ्या टपावर साळुंक्या भांडतात आणि दुपारी लिंबाची सावली माझ्या नाकावरून हळूहळू शेपटाकडे सरकत जाते. मी उभा असतो खरा, पण मनात मी चालतच असतो. वारा सुटला की मला भंडारदऱ्याचा घाट आठवतो आणि ऊन चढलं की शेवगावकडचा सरळ, पांढरा रस्ता डोळ्यांसमोर येतो.

मी कारखान्यातून आलो तेव्हा माझ्याकडे नुसती चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा होता. त्या सांगाड्याला चासी म्हणतात. अंगावर लाकूड आणि पत्रा नंतर चढला, नगरच्या एका शेडमध्ये. कारखान्याने मला एकच दागिना दिला होता. उजव्या चाकामागे, चासीच्या कडेवर, ठोकून कोरलेला माझा नंबर. माणसाला जसं नाव असतं तसा आम्हाला हा नंबर असतो. सगळ्या जगात तो दुसऱ्या कुणाला नसतो.

माझे मालक फिलिपशेठ. त्यांचा मी पहिला ट्रक. घरी आणलं त्या दिवशी त्यांनी चर्चच्या पाळकांकडून माझ्यासाठी प्रार्थना करून घेतली. ती संपताच ड्रायव्हर गहिनीनाथने माझ्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही हसले.

फिलिपशेठ पेरू वाहायचे. राहात्याचा पेरू फार हळवा असतो. गाडीने दोन धक्के खाल्ले की तो आतून काळा पडतो, वरून मात्र काही दिसत नाही. म्हणून शेठनी एक रीत पाडली. नवा ड्रायव्हर आला की आधी त्याला माझ्यावर बसवायचं. स्टीलचा ग्लास पाण्याने भरायचा, काठाला बोटभर कमी, आणि तो समोर काचेपाशी ठेवायचा. मग आवाराला एक फेरी मारायची. पाणी सांडलं तर ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. कुणाला चार दिवस लागले, कुणाला महिना. गहिनीनाथला अकरा दिवस लागले होते. ही गोष्ट तो कुणाला सांगत नाही. मी तुम्हाला सांगतो आहे, ती आपल्यातच राहू द्या.

एकोणीस वर्षं मी रस्त्यावर होतो. पुढे आवारात चार नवे ट्रक आले आणि माझं वय झालं. माझं पासिंग थांबलं, म्हणजे सरकारी तपासणी होऊन रस्त्यावर जायची परवानगी मिळेनाशी झाली. पण शेठनी मला विकलं नाही. "हा आता मास्तर," ते म्हणाले. तेव्हापासून मी आवारातच फिरतो, नव्या ड्रायव्हरांना घेऊन, समोर ग्लास ठेवून.

गहिनीनाथचं माझ्यावर जरा जास्तच प्रेम. मी रस्त्यावर होतो तेव्हा पासिंगच्या वेळी तो नंबर दिसावा लागायचा. म्हणून नंबराला गंज लागू नये यासाठी तो अंगठ्याने त्यावर ग्रीस फासून ठेवायचा आणि तेवढी जागा सोडून बाकी मला रंगवायचा. पण पासिंग थांबल्यावर जागा सोडायचं कारणच उरलं नाही. त्याने ग्रीस फडक्याने पुसलं आणि कडेपासून कडेपर्यंत रंग दिला. पुढच्या दसऱ्याला दुसरा हात दिला, त्याच्या पुढच्याला तिसरा. इतर गाड्यांचा जो रंग उरेल तो माझ्या अंगावर येई. असे सात दसरे गेले. मी चकचकीत दिसत होतो आणि माझा नंबर सात रंगांखाली झोपी गेला होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही त्याची आठवण राहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी फिलिपशेठ गेले. मागे मुलगी कृपा आणि धाकटा मुलगा रॉबिन. कृपा इथे राहून गाड्यांचा धंदा सांभाळते आणि रॉबिन पुण्याला नोकरी करतो. दोघांनी ठरवलं की वाटणी करायची, पण भांडण न करता. एक जाणकार माणूस येईल, गाड्यांची आणि सगळ्या धंद्याची किंमत ठरवेल, प्रत्येक गाडी यादीत लिहील. यादीतलं दोघांत वाटून घ्यायचं. यादीत जे बसणार नाही ते शनिवारी भंगारवाल्याला द्यायचं. दोघांनी तशी सही केली होती.

तो जाणकार माणूस गुरुवारी आला. रॉबिनही पुण्याहून आला होता. राधाकृष्ण त्याचं नाव. गळ्यात चष्मा, खिशात पेन्सिल आणि कागदाच्या पट्ट्या. त्याने आधी चार नव्या गाड्या पाहिल्या. टायरवर हातोडी वाजवली, इंजिनाखाली बोट फिरवून तेल पाहिलं, किलोमीटर लिहून घेतले.

"साहेब," गहिनीनाथ म्हणाला, "लोणीच्या बाजारात दलाल बैलाचं दात बघत्यात. तुमी टायर बघताय. त्येवढ्यानं किंमत कळती व्हय?"

"बैल खोटं बोलत नाही, बाबा," राधाकृष्ण म्हणाला. "गाडीचा मालक बोलतो. म्हणून सगळंच बघावं लागतं."

मग प्रत्येक गाडीच्या नंबरावर कागदाची पट्टी ठेवून त्याने वरून पेन्सिल घासली. कागदावर नंबर उमटला. तो त्याने कागदपत्रांशी पडताळून पाहिला. चारही गाड्या जुळल्या.

शेवटी तो माझ्यापाशी आला. वाकून पाहिलं, बॅटरी लावून पाहिलं. उठून त्याने गुडघे झाडले.

"नंबर कुठंय?"

"हितंच कुठंतरी हाय की," गहिनीनाथ म्हणाला, आणि वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"कॅबिनमध्ये कंपनीची नंबराची पाटी असते, ती?"

"ती केव्हाच गळून पडली," कृपा म्हणाली. "साहेब, ही आमची पहिली गाडी. मला हीच हवी आहे. बाकीच्यातलं रॉबिनला काय हवं ते घेऊ दे."

"मॅडम, गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. ही तीच गाडी, हे नंबरानेच सिद्ध होतं. नंबर नाही तर यादीत नाही, आणि तुमच्या नावावरही होणार नाही."

"मग शनिवारी भंगारात," रॉबिन म्हणाला. तो वाईट मनाने म्हणाला नाही. ठरलेलं होतं तेच म्हणाला. "ताई, आपण सही केलीये. आणि त्या डबड्याचं एवढं काय?"

मित्रांनो, भंगार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आधी काचा काढतात, मग लोखंड कापायला निळी ज्योत घेऊन माणूस येतो. मला त्या ज्योतीची भीती वाटली नाही. मला एवढंच वाटलं, की मी नाव नसलेला म्हणून जाणार.

गहिनीनाथ जमिनीवर बसला होता. "म्याच पुसलं," तो म्हणाला. "ताई, माज्याच हातानं हिचं नाव पुसलं."

राधाकृष्णने लोखंडी ब्रश मागवला. "सगळी कड घासून बघू."

"न्हाई, न्हाई!" गहिनीनाथ उठलाच. "लोखंडानं खरवडलं तर आकडंबी जातील. थांबा जरा."

त्याने डोळे मिटले. उजवा अंगठा त्याने माझ्या कडेवर टेकवला आणि चाकाकडून मागे सरकवू लागला. त्याला वाचता येत नाही. पण एकोणीस वर्षं त्याने त्याच अंगठ्याने त्या जागेवर ग्रीस फासलं होतं. अंगठा चालत राहिला. टपावरच्या साळुंक्या भांडायच्या थांबल्या असं मला वाटलं, पण तो माझा भासही असेल. एका जागी अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा थांबला.

"हितं. हितं रंग जरा मऊ लागतोय. खाली ग्रीस हाय."

थिनरचा बोळा आणि नारळाची करवंटी घेऊन तो कामाला लागला. आधी चंदेरी थर सुटला. मग हिरवा आला, आणि मला भंडारदऱ्याचं धुकं दिसलं. त्या धुक्यात फिलिपशेठ माझ्यापुढे कंदील घेऊन चालत होते, कारण माझे दिवे गेले होते. पिवळा आला, आणि शेवगावच्या बाजारातली दुपार आली. तांबडा आला तेव्हा ज्या पहाटे कृपाला शाळेच्या सहलीची बस चुकली होती ती पहाट आली. शेठनी तिला पेरूंच्या क्रेटांशेजारी बसवून बसच्या आधी पोचवलं होतं. निळा, पांढरा, भगवा. प्रत्येक थराखाली एकेक रस्ता होता. मी इतके रस्ते अंगावर घेऊन उभा होतो, हे मलाच माहीत नव्हतं.

सगळ्यात खाली काळी, जुनी चिकट रेघ होती. खाचांत राहिलेलं ते शेवटच्या पासिंगचं ग्रीस. फडक्याने पुसलं तर खाली लोखंड नव्यासारखं. गंज आत शिरलाच नव्हता.

राधाकृष्णने पट्टी ठेवली, पेन्सिल घासली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. कृपा कागद धरून उभी होती. प्रत्येक आकड्याला ती मान हलवत होती. शेवटच्या आकड्याला तिला मान हलवता आली नाही. तिने नुसता कागद उंच धरला.

"जुळला," राधाकृष्ण म्हणाला. "आता चालते का ते दाखवा."

कृपाने सगळ्यांसाठी चहा आणला होता. राधाकृष्ण कप घेऊनच माझ्यात चढला. स्टिअरिंगवर बसलेल्या गहिनीनाथने तो कप त्याच्या हातातून काढून काचेपाशी ठेवला.

"अहो, सांडेल!"

"सांडला तर दुसरा पाजतो."

आम्ही खड्ड्यावरून गेलो, दगडावरून गेलो, लिंबाला वळसा घातला. चहा हलला, पण सांडला नाही. खाली उतरून राधाकृष्ण तो गार झालेला चहा प्याला आणि त्याने कृपाला विचारलं, "इथले व्यापारी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त भाडं देतात. वह्यांत दिसलं मला. का देतात?"

"पेरू काळा पडत नाही म्हणून," कृपा म्हणाली. "आमचा एकूण एक ड्रायव्हर या गाडीवर शिकलाय."

राधाकृष्णने यादीत माझ्यापुढे एक आकडा लिहिला. रॉबिनने वाकून पाहिलं.

"एवढीच?"

"मघाशी डबडं म्हणालात," राधाकृष्ण म्हणाला. "लोखंडाची किंमत एवढीच होते. पण धंद्याच्या किमतीत नावलौकिक असा एक रकाना असतो. लोक तुमच्याकडेच का येतात, त्याची किंमत. चार नव्या गाड्यांची मिळून जी किंमत होते त्यापेक्षा मोठा आकडा मी तिथे लिहिणार आहे. तो या गाडीवर तयार झालाय. पण गाडीच्या रकान्यात तो मला लिहिता येत नाही."

मग रॉबिन माझ्यात चढला आणि म्हणाला, "काका, ग्लास द्या."

फेरी पुरी व्हायच्या आत त्याची पँट भिजली.

"रॉबिनदादा," गहिनीनाथ म्हणाला, "शाळंत हुता तवाबी तुमी असंच सांडलं हुतं. शेठ म्हनलं हुतं, ह्यो पुण्यालाच बरा."

रॉबिन हसला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं. यादीत माझ्यापुढे कृपाचं नाव पडलं, आणि खाली पहिली सही त्याने केली.

शनिवारी भंगारवाला आला. जुने टायर आणि फुटकी पिंपं घेऊन गेला. जाताना त्याने मला एकदा थोपटलं.

पुढचा दसरा आला. गहिनीनाथने मला रंगवलं. या वेळी हिरवा होता. पण उजव्या चाकामागे वीतभर जागा त्याने कोरी सोडली आणि तिथे अंगठ्याने ग्रीस फासलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुनी वस्तू असेल, जुनी माणसं असतील. त्यांना जपा. नवा रंग जरूर द्या, आम्हालाही नटायला आवडतं. फक्त एवढं करा, ज्या जागी आमचं नाव आहे ती वीतभर जागा सोडा. प्रेमानेसुद्धा ती झाकू नका. आणि मधूनमधून अंगठा फिरवून बघत जा, की ते नाव अजून हाताला लागतं ना.

आता मला थांबायला हवं. आज एक नवी ड्रायव्हर आली आहे, केशरबाई. कृपा तिच्यासाठी ग्लास भरते आहे, काठाला बोटभर कमी.