छप्पन्न नाण्यांचा पौंड

"काटा कुठं आहे, तूच सांग," अन्सेल्मो म्हणाला.

कोंबड्या विकणाऱ्या एफ्राइनने वाकून तराजूच्या तबकडीकडे पाहिलं. पारड्यात अन्सेल्मोची कातडी पिशवी होती.

"पौंडाच्या रेघेच्या केसभर अलीकडे."

अन्सेल्मोने स्क्रू पाव वळसा फिरवला, कान स्प्रिंगपाशी नेला, पिशवी उचलून पुन्हा ठेवली.

"आता?"

"बरोबर रेघेवर."

"बघ, मी नाही सांगितलं. तूच वाचलंस."

साकिसिलीच्या गुरुवारच्या बाजारात हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. उस्ताद अन्सेल्मो चिलुइसा तराजू दुरुस्त करतो आणि काटा मात्र मालकालाच वाचायला लावतो, इतका तो सरळ माणूस, असं लोक म्हणत. यातलं सरळपण खरं होतं. पण काटा वाचायला लावण्याची सवय फक्त दोन वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यात आणि मग डाव्यात दूध सांडल्यासारखं झालं. माणसं दिसत, मेंढ्या दिसत, कोतोपाक्सी ज्वालामुखीवरचं बर्फ चांगल्या हवेत पांढऱ्या डागासारखं दिसे. तबकडीवरची रेघ दिसत नसे. हे कळलं तर कोण आपला तराजू त्याच्याकडे आणणार? चाळीस वर्षं तो या चौकात, पोत्यांच्या त्याच कोपऱ्यात बसत आला होता. तिथून उठून तो जाणार कुठे? म्हणून त्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

पिशवीची गोष्ट जुनी होती. देशाचा आपला पैसा गेला आणि अमेरिकेचे डॉलर आले, त्या वर्षी पिशवीतली ही एक-डॉलरची पिवळी नाणी बाजारात आली. त्यांवर पाठीशी पोर बांधलेली बाई होती. बाजारातल्या बायका म्हणाल्या, ही तर आपल्यातलीच कोणी दिसते, आणि कागदी डॉलरपेक्षा त्यांना बाईचा डॉलरच पटला. अन्सेल्मोला पटलं त्याचं वजन. एक नाणं आठ ग्रॅम आणि वर एक दशांश. त्याने एका रात्री गुणाकार केला आणि तो तीनदा तपासला. छप्पन्न नाणी म्हणजे चोख एक पौंड, आणि बाजारात बटाट्यापासून कोंबडीपर्यंत सगळं पौंडावरच विकलं जातं. लोखंडी वजनात कोणीही शिसं ओतेल; डॉलरमध्ये कोण ओतणार? शिवाय गिऱ्हाइकाच्या खिशातही तेच नाणं असतं. तेव्हापासून ती छप्पन्न नाणी खर्चायची नाहीत, असं त्याने ठरवलं होतं. त्यांची पिशवी इतक्या पातळ कातड्याची होती की काट्याला तिचं वजन कळत नसे; बाजार तिला 'उस्तादांचा पौंड' म्हणे.

त्या गुरुवारी मात्र बाजार अडला होता. रविवारी कोणीतरी फोनवर एक चित्रफीत पाठवली होती: सन दोन हजारच्या काही नाण्यांवर गरुडाच्या शेपटीची पिसं बारीक रेघांची आहेत, आणि असं एक नाणं तीन हजार डॉलरला जातं. चार दिवसांत बाईचे डॉलर सगळ्यांच्या घरात, चोळीत, मोज्यात जाऊन बसले. आता प्रत्येकाकडे पाच-दहाच्या नोटा होत्या आणि सुटे कोणाकडेच नव्हते. बटाटेवाल्या रोसेंदाकडून सकाळपासून सहा गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने गेली होती. सातवं गेलं तेव्हा तिने पोतं झाकलं, रुमालाची गाठ सोडत ती अन्सेल्मोच्या कोपऱ्यात आली.

"तेवीस आहेत," ती म्हणाली. "भिंग काढा, उस्ताद."

रोसेंदा पिलामुंगा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारच्या जागेवर वीस वर्षं बसणारी, तोंडाची फटकळ आणि मापाची चोख. तिला नाही म्हणणं कठीण होतं. अन्सेल्मोने भिंग डोळ्याला लावलं, पहिलं नाणं धरलं. तपकिरी धुकं दिसलं. धुक्यात पंख असावेत असा एक भाग होता.

त्याच्या मनात झरकन हिशेब झाला. त्या वर्षी शंभर कोटींहून जास्त नाणी पाडली गेली. रेघांची फार तर काही हजार, आणि तीही तिकडे अमेरिकेत, न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यांत घालून वाटलेली. तेवीसही नाण्यांना 'नाही' म्हटलं तर तो जवळजवळ नक्कीच बरोबर ठरणार होता. न बघता बोललेलं खरंच निघालं असतं, आणि त्याचा कोपरा शाबूत राहिला असता.

त्याने नाणं दोनदा फिरवलं. न तोललेलं वजन त्याने चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"रोसेंदा, मला दिसत नाही."

कोंबडीचे पाय बांधत असलेल्या एफ्राइनचे हात थांबले.

"माहितीये की," रोसेंदा म्हणाली. "दोन वर्षं झाली. तुम्ही माझ्या बटाट्यांना कांदे म्हणालात, तेव्हाच कळलं."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

"भिंग तुमच्याकडे आहे. डोळे मी आणलेत."

एफ्राइनने कोंबडी बाजूला ठेवली. तो उठला, आपला तराजू आकड्यावरून काढून घेऊन आला आणि म्हणाला, "पिशवी द्या." अन्सेल्मोने दिली. एफ्राइनने ती पारड्यात ठेवली, काटा थांबेपर्यंत श्वास धरल्यासारखा उभा राहिला, मग पिशवी उचलून पुन्हा ठेवली, आणि तिसऱ्यांदाही. अन्सेल्मो स्प्रिंगचा आवाज ऐकत होता. आवाज स्वच्छ होता.

"रेघेवरच आहे," एफ्राइन शेवटी म्हणाला. मग पुटपुटला, "माझ्या सासऱ्याचा एक तराजू घरी पडलाय. पुढल्या गुरुवारी आणतो."

मग काम सुरू झालं. काय बघायचं ते अन्सेल्मो सांगू लागला. आधी साल बघ, मग नाणं उलटं कर, शेपटीच्या मधल्या पिसाची कणा-रेघ उचललेली आहे का बघ. रोसेंदा एक डोळा मिटून बघत होती. तेवीसच्या तेवीस साधी निघाली. साधी म्हणजे एका डॉलरची, हे तिने मोठ्याने जाहीर केलं, आणि ती तिथल्या तिथे सुटे म्हणून चालवायला घेतली. ते बघून लसूणवाली आली, दोरवाला आला, मेंढ्यांच्या चौकातले दोघे आले. भिंग पोत्यावर ठेवलं होतं. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं आणि आपला डॉलर आपल्या हाताने बाजारात सोडावा.

"पण उस्ताद," एफ्राइन म्हणाला, "जुनी नाणी तर तुमच्याच पिशवीत आहेत. त्या वर्षीची."

सगळे पिशवीकडे बघू लागले. अन्सेल्मोने दोरी सोडली. छप्पन्न नाणी रोसेंदाच्या रुमालावर ओतली गेली. चोवीस वर्षांत ती एकदाही अशी उघड्यावर आली नव्हती. रोसेंदा एकेक बघत गेली, पंचावन्न साधी निघाली आणि शेवटच्याशी ती थांबली.

"याला शेपूटच नाही. पार गुळगुळीत आहे."

ते कोणतं, हे त्याला न बघता कळलं. पिशवीत पहिलं पडलेलं नाणं. रोज सकाळी पिशवी उघडून त्यावरून अंगठा फिरवायचा, मगच कामाला बसायचं, ही त्याची सवय होती.

"म्हणजे तीन हजार तुम्ही अंगठ्यानं पुसून टाकलेत," एफ्राइन म्हणाला.

"असतील तर," अन्सेल्मो म्हणाला. "आणि नसतील तर एक डॉलर पुसला. पण तो तर अजून चालतोय."

लोक हसले; तोही हसला. खरं सांगायचं तर त्याला जरा हलकं वाटत होतं. असं झिजलेलं नाणं कोणी तीन हजाराला घेत नाही, कारण ज्या रेघांची किंमत, त्याच आधी झिजतात. पण बटाटे मात्र नव्या नाण्याइतकेच येतात. दुपारपर्यंत सुटे पुरावेत म्हणून त्याने सगळीच्या सगळी छप्पन्न नाणी रोसेंदाच्या पुढ्यात सारली. नोटा नंतर बघू, म्हणाला. गुळगुळीत नाणं सारताना त्याचा अंगठा क्षणभर त्यावर राहिला, एवढंच.

बाजार हलला. माणसं नेहमीसारखी घासाघीस करू लागली. अन्सेल्मोकडे तीन तराजू आले, त्यातला एक अशा बाईचा की जिने सगळं ऐकलं होतं. "काटा मीच वाचायचा ना?" असं म्हणत ती समोर बसली. त्या दिवशी पिशवी आणि नाणी रोसेंदाकडे असल्यामुळे त्याने डब्यातली जुनी लोखंडी वजनं काढली, आणि ती आपल्या तराजूंवर तोलली गेली याची कोणी तक्रार केली नाही.

उन्हं चौकाच्या निम्म्यावर आली तेव्हा रोसेंदाने पिशवी परत आणली, नोटांऐवजी पुन्हा नाण्यांनीच भरून, दोरी घट्ट बांधून.

"छप्पन्न?" त्याने विचारलं.

"मोजा."

त्याने मोजली नाहीत. पिशवी उजव्या तळव्यावर घेतली, कोपर मांडीला टेकवलं, हात थोडा खाली सोडून वर घेतला. मग तीच डाव्या तळव्यावर. एफ्राइन कोंबड्या सोडून बघत होता.

"एक जास्त आहे," अन्सेल्मो म्हणाला.

"काटा लावून बघूया का?" रोसेंदाने विचारलं.

"बघ."

तिने पिशवी आपल्या पारड्यात ठेवली. काटा स्थिर होईपर्यंत ती वाकून राहिली.

"रेघेच्या पुढं गेलाय," ती म्हणाली. "एका नाण्याइतका." मग एफ्राइनकडे वळून तिने विचारलं, "ऐकलंस?" त्याने हॅट जरा मागे सारली.

बटाटे तोलून झाल्यावर वर एक बटाटा घालायचा, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. अन्सेल्मोने दोरी सोडून पिशवीत बोटं घातली. उठावदार नाण्यांमधून त्याचा अंगठा एका गुळगुळीत जागेवर येऊन थांबला. सकाळी त्याने सारलेलं नाणं तिने कोणाला दिलंच नव्हतं.

ते तसंच आत राहू देऊन त्याने शेजारचं एक नाणं बाहेर काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"एका डॉलरचे बटाटे दे."

रोसेंदाने चार पौंड तोलले, एका थैलीत ओतले, आणि ढिगातून निवडून एक मोठा बटाटा वर ठेवला.