ऊब, ओल, पंखा, घंटा

सुनेने बोर्डावर छापील कागद पालथा ठेवून इस्त्री टेकवली तशी सासऱ्यांची सूचना आलीच.

"जोर दे अगं. शर्ट नाहीये तो."

"शर्ट असता तर तुमच्या चिरंजीवांनाच उभं केलं असतं."

बोर्ड तळहाताएवढे. एका अंगाला वीज खेळवणाऱ्या तांब्याच्या वाटा. दुसऱ्या, कोऱ्या अंगावर आज पहिल्यांदाच भागांची नावं उमटणार होती. तीस वर्षं सासरे अंडी उबवायच्या यंत्रांचे बोर्ड घरीच बनवत होते आणि एकावरही अक्षर नव्हतं. "सगळं डोक्यात आहे," म्हणायचे. त्यामुळे कुठलंही यंत्र गार पडलं की डोक्याला जातीने जावं लागे, आणि नाइलाजाने हृदयालाही. डॉक्टरांनी आता हृदयाला मनाई केली होती.

त्यांनी नळाखाली कागद चोळून काढला. काळी अक्षरं बोर्डावर राहिली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी नावं घडाघडा वाचली. सुनेने यादीवर खुणा केल्या. एकही चूक नाही. मग सासऱ्यांनी एका बोर्डावर सुटे भाग डाख देऊन बसवले, तो उबवणीवाल्याला दिला, दुसरा टेबलावर ठेवला आणि ते आडवे झाले.

दुपारी तीन वाजता उबवणीवाल्याचा फोन आला. तो तिने उचलला.

"वहिनी, ऊब चढत नाहीये. अडीच हजार अंडी आहेत आत. साहेबांना द्या."

"साहेब झोपलेत. 'ऊब' लिहिलेला पेच थोडा उजवीकडे फिरवा."

"लिहिलंय खरं, पण कुठल्या भाषेत?"

तिने टेबलावरचा बोर्ड उचलला. अक्षरं उलटी होती. कागदावर तांब्याची बाजू सरळ छापायची, नावांची उलटी, म्हणजे ती पालथी पडून सुलटी उमटतात. सासऱ्यांच्या हातांनी सवयीने दोन्ही सरळ छापली होती. आणि तीस वर्षं वाटा पाठीमागून पाहणाऱ्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आतल्या खोलीत घोरणं संथ चालू होतं. कित्येक आठवड्यांत इतकं संथ नव्हतं.

बोर्ड घेऊन ती बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली.

"वरून तिसरा. हळू."

"फिरवला... थांबा हं... चढतंय. पण साहेबांना एकदा विचारलं असतं तर—"

"पुढच्या वेळीही मलाच विचारा."

फोन ठेवून तिने खोलीचं दार ओढून घेतलं. मग नेलपेंट पुसायची बाटली शोधून काढली आणि ते उठून चूक पाहायच्या आत टेबलावरच्या बोर्डावरची उलटी 'घंटा' पुसायला घेतली.