दहा बाय नऊच्या खोलीसाठी

ताईचं पत्र येऊन दोन महिने झाले होते आणि थांबाकाकांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. लिहिलं होतं, चांगलं अकरा वेळा. अकराही वेळा लाल पेनाने दुरुस्त केलं होतं, आणि ते अकराही कागद टेबलाच्या खालच्या खणात एकावर एक निजले होते.

पत्र तसं साधं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिने लिहिलं होतं, "धाकट्या, मुलगा नोकरीसाठी लांब चाललाय. एवढं मोठं घर मला एकटीला खायला उठेल. तुझ्याकडे ती मागची छोटी खोली आहे ना, तिथे राहायला येऊ का? मला उकाडा सोसत नाही हे तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनीही गरम खोलीत झोपायचं नाही म्हणून बजावलंय. तेवढं जमणार असेल तर हो म्हण. नाहीतर इथल्या एका वृद्धनिवासात माझ्यासाठी खाट धरून ठेवलीय. फोन करू नकोस. फोनवर तू नुसते हुंकार देतोस आणि त्यांचा अर्थ मला लावत बसावा लागतो. लिहून कळव."

त्यानंतर मागच्या आठवड्यात एक कार्ड आलं. त्यात तीनच ओळी. "खाट वीस तारखेपर्यंतच धरतील. हो लिही किंवा नाही लिही. दोन्हीला तिकीट तेवढंच लागतं."

थांबाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होते. यंत्र सुरू होणार, कामगाराचा हात बटणावर जाणार, इतक्यात हे हातात कागद फडफडवत धावत यायचे, "थांबा, थांबा." कधी एखादी ओळ दोनदा पडलेली असायची, कधी काहीच नसायचं, नुसती शंका असायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी नाव सुटलं नाही, आणि खोडही. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्यांना लांबून दिसायची. स्वतःचा मजकूर मात्र सगळाच चुकीचा वाटायचा. "ये" लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटे. "आलीस तर बरं होईल" लिहिलं तर गयावया केल्यासारखं. "खोली तुझीच आहे" हे तर धडधडीत खोटं, कारण खोली घरमालकीणबाईंची होती.

आणि होतीही भट्टीसारखी. दहा बाय नऊ, वर गच्ची, पश्चिमेला उघडी भिंत. दुपारी तीनला भिंतीला हात लावला तर चटका बसे. खोलीत एकच खिडकी, तीही पुस्तकांच्या कपाटाआड गेलेली. ताईला इथे बोलवायचं म्हणजे आधी खोली गार व्हायला हवी, आणि भिंतीवर बसवायचा एसी आणायची सोय नव्हती. ताईचं सगळं ऐकूनही घरमालकीणबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही. फारच हौस असेल तर मी गेल्यावर पाडा." बाई सत्तरीच्या आणि ठणठणीत होत्या.

राहता राहिला तो चाकांवरचा, हलवता येणारा एसी. तो पेन्शनीत बसेल असा मिळाला तर.

खरं सांगायचं तर उकाडा हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं काकांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ताई गप्पिष्ट बाई. तिच्याभोवती सतत माणसं. ती इथे येणार, आणि हा आपला दिवसभर पुस्तकात नाक खुपसून बसलेला भाऊ बघणार. आठ दिवसांत कंटाळून परत गेली तर? त्यापेक्षा न आलेली बरी, असं मनात यायचं, आणि ते मनात आल्याची शरम वाटून काका बारावा कागद काढायला जायचे.

बारावा कागद न काढता ते त्या दिवशी विजेच्या वस्तूंच्या दुकानात गेले. आठवड्यातली तिसरी फेरी. दुकानदारबाई पन्नाशीच्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. त्यांनी काकांना बघून न बोलता खुर्ची पुढे सरकवली.

"आज घेणार की आजही वाचणार?"

"आधी वाचतो," काका म्हणाले.

लोक दुकानात येऊन यंत्राला हात लावून बघत, वारा अंगावर घेत, रंग विचारत. काकांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट कळत होती, मजकूर. म्हणून ते यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका मागून घेत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत.

पहिलं यंत्र पांढरंशुभ्र, वर निळा दिवा. पुस्तिका गुळगुळीत कागदाची. "क्षणार्धात आपले संपूर्ण घर हिमशिखरासारखे शीतल," असं तिच्यात लिहिलं होतं. काकांनी सवयीने खिशातला पेन काढला आणि समासात लिहिलं, "कसे?"

"काका, ती विकायचीय मला," दुकानदारबाई म्हणाल्या.

"माफ करा. पण संपूर्ण घर म्हणजे किती मोठं, ते दिलेलं नाही."

"घेणाऱ्याचं मन जेवढं मोठं तेवढं घर. पुढचं बघा."

दुसरं यंत्र सगळ्यांत स्वस्त, आणि त्याला मागे पाइपच नव्हता. पुस्तिकेत तेच ठळक अक्षरांत होतं, "पाइपची कटकट नाही." काकांनी ती दोनदा वाचली, मग उलटी चाळली.

"यात गरम हवा कुठे जाते ते लिहिलेलं नाही."

"जाते कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे खोलीतच ना?"

दुकानदारबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खोलीतच. तो एसी नव्हेच, पाण्यावरचा पंखा आहे. बंद खोलीत लावलात तर तुमची ताई निथळून निघेल. मी काही बोलले नाही."

"काही बोलला नाहीत," काकांनी मान डोलावली.

तिसरं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याच्या डोक्यावर इस्त्र्यांचे खोके रचले होते आणि एका कडेला पोचा आला होता. पुस्तिका आठ पानांची, साध्या कागदाची, काळ्या शाईतली. काका उभ्याने वाचायला लागले, आणि दुसऱ्या पानावर खुर्चीत बसले.

"हे यंत्र आवाज करते. जवळ झोपणाऱ्यास सुरुवातीचे काही दिवस त्रास होईल. नंतर सवय होते. खोली दहा बाय दहापेक्षा मोठी असल्यास हे यंत्र घेऊ नये. गरम हवेचा पाइप दीड मीटरचा आहे. तो जोडून लांब करू नये. त्यासाठी यंत्र खिडकीजवळच ठेवावे लागेल आणि तेथील सामान हलवावे लागेल. पाइपभोवती फट राहिल्यास बाहेरची गरम हवा आत येईल आणि आपण यंत्राला दोष द्याल. फट कापडाने किंवा जाड कागदाने बुजवावी. खोली गार होण्यास दीड ते दोन तास लागतात. धीर धरावा."

काकांचा हात पेनाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. चाळीस वर्षांत असं क्वचित झालं होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"कारखान्यातल्याच कोणीतरी असेल. लहानसा कारखाना आहे. यंत्र बरं आहे हो, पण गिऱ्हाईक पहिलं पान वाचतं आणि पळतं."

"दुसरं पान फार चांगलं आहे," काका म्हणाले. "हेच द्या."

"एकदा लावून तरी बघा."

"नको. माणूस खरं बोलतोय."

दुकानदारबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि काकांकडे नीट पाहून घेतलं. मग पोचा आलाय म्हणून त्यांनी किमतीत थोडी सूट दिली, काकांनी न मागता.

यंत्र अठरा तारखेला सकाळी आलं. दोन हमालांनी ते जिना चढवून खोलीच्या मधोमध ठेवलं आणि कपाळ पुसत निघून गेले. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सामान हलवणं आलं. काकांनी कपाटातले शब्दकोश एकेक करून खाली काढले, मग रिकामं कपाट पाठीने ढकललं. ते इंचभर सरकलं आणि असं कण्हलं की खालून घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या.

"काय पाडताय?"

"काही नाही. खिडकी शोधतोय."

"अगोबाई, इथे खिडकी होती की." बाईंनी पदर खोचला आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. दोघांनी मिळून ते पलीकडच्या भिंतीला नेलं. काचेवर इतकी धूळ होती की बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नव्हतं. बाईंनी खिडकी उघडून खाली वाकून पाहिलं आणि त्यांचा सूर बदलला.

"या यंत्राची गरम हवा कुठे सोडणार?"

"खिडकीबाहेर."

"खिडकीबाहेर म्हणजे माझ्या सज्जावर. मी कपडे वाळत घालते तिथे. संध्याकाळी बसते तिथे."

काका गांगरले. त्यांच्या मनात आलं, संपलं, आता ताईला "नाही" लिहायचं. ते "नाही" लिहिणं फार सोपं आहे हेही मनात आलं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. ते चाचरत म्हणाले, "एक दुपार चालवून बघू. तुम्हाला त्रास झाला तर यंत्र परत करीन. दुकानदारबाई घेतील. मी... मी तसं लिहून देतो."

"लिहून नको. तुमचं लिहून व्हायला वर्ष जाईल," बाई म्हणाल्या. "एक दुपार. तीनला मी सज्जात बसणार."

खिडकी बाहेर उघडणारी होती आणि यंत्राबरोबर आलेली, पाइप बसवायची पट्टी सरकत्या काचेसाठी होती. काकांनी एका जुन्या बाडाचा जाड पुठ्ठा घेतला, पाइपाचं तोंड त्यावर ठेवून गोल आखला आणि कापला. गोल मोठा झाला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना "दोनदा तपासा" म्हणून सांगितलं, त्याने पाइप रुंद टोकाकडून आखला होता. पाइपभोवती बोटभर फट राहिली. दुसरा पुठ्ठा नव्हता. कापड म्हणावं तर घरात एकच चादर धड होती आणि ती ताईसाठी ठेवली होती.

जाड कागद चालेल, असं पुस्तिका म्हणत होती. काकांनी टेबलाचा खालचा खण उघडला. आत ते अकरा कागद होते, चांगल्या वजनाचे, कारण ताईला साध्या कागदावर लिहिणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. ते थोडा वेळ बघत राहिले. मग पहिला उचलला, त्याची घडी घातली आणि फटीत कोंबला. "गयावया" डाव्या बाजूला गेली, "हुकूम" वरच्या बाजूला. अकरा कागद बरोबर पुरले.

एकला यंत्र सुरू केलं तेव्हा खोलीत अडतीस अंश होते. यंत्राने असा घरघराट केला की काका दचकून मागे सरले, आणि मग त्यांना हसू आलं. आवाज करते, असं सांगितलंच होतं की. दोनला तेहेतीस. अडीचला तीस. पावणेतीनला भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याने सत्तावीसला टेकून दम घेतला. कपाटाच्या कोपऱ्यात थोडं जास्त होतं, तेही त्यांनी एका चिठ्ठीवर टिपून ठेवलं.

तीनला खाली सज्जात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका दाराशी उभे राहून ऐकत होते. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मग जिना वाजला.

"थांबाकाका."

"बंद करतो, लगेच बंद करतो."

"कशाला? जाड चादरी टाकल्या होत्या, अर्ध्या तासात कडक वाळल्या. उद्या गोधड्या धुवायला काढते." बाई आत आल्या आणि दार लावून घेऊन उभ्या राहिल्या. "मी संध्याकाळी बसते ना, त्या वेळेला मात्र तासभर बंद ठेवायचं. आणि हे काय हो, पाइपभोवती हस्ताक्षर कोणाचं?"

"माझंच आहे."

"बरं दिसतंय तिथे," बाई म्हणाल्या. "ताईंना कळवलंत का? उद्या एकोणीस. पत्राला एक दिवस लागतो."

त्या गेल्यावर काका टेबलाशी बसले. दुरुस्त करायला आता जुना कागद एकही नव्हता. नवा घेतला. बराच वेळ काही सुचेना, यंत्र आपलं घरघरत होतं. मग त्यांनी पुस्तिका उघडून समोर ठेवली, दुसऱ्या पानावर.

"ताई," त्यांनी लिहिलं, "खोली दहा बाय नऊ आहे. यंत्र चालू असलं की दीड-पावणेदोन तासांत सत्तावीस अंशांपर्यंत गार होते, त्याहून जास्त होत नाही. तुझी खाट खिडकीजवळ ठेवीन, कारण कपाटाच्या कोपऱ्यात उकडतं. यंत्र आवाज करतं. संध्याकाळी तासभर बंद ठेवावं लागेल, तेव्हा आपण गच्चीवर बसू. यंत्रातलं पाणी रोज सकाळी काढून टाकायचं असतं, ते मी करीन. दार लावून घ्यायला विसरू नकोस.

घरातला माणूस फार बोलत नाही. सुरुवातीचे काही दिवस तुला त्रास होईल. नंतर सवय होते असं म्हणतात, खात्री देत नाही. त्याला विचारलं तर तो वाचून दाखवतो. तू मोठ्याने बोललेलं त्याला आवडतं, हे त्याने तुला कधी सांगितलेलं नाही. लवकर ये. खाटेचं त्यांना लवकर नाही म्हणून कळव आणि लवकर ये. धाकटा."

त्यांनी ते एकदाच वाचलं, पाकिटात घातलं, जीभ फिरवून बंद केलं, तिकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या पेटीशी पोस्टमन आलाच होता. कुलूप काढून तो पत्रं पिशवीत भरत होता. काकांनी पाकीट पुढे केलं आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं, शेवटी "लवकर" तीनदा पडलंय. एका परिच्छेदात तीनदा. त्यांचा दुसरा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला.

पोस्टमनने वर पाहिलं. गल्लीतला माणूस, त्यांना ओळखून होता.

"थांबू का, काका?"

"नको," थांबाकाका म्हणाले, आणि पाकीट पिशवीत सोडलं.