तीन अंगांची ऊब

मुहूर्त सकाळी आठ चाळीसचा. डिसेंबरातला गारठा असा की धारच्या त्या लॉनवरचं गवत दवानं ओलंचिंब झालेलं. लग्न हॉलमध्येच लागायचं होतं. पण वऱ्हाड वाढलं आणि मांडव बाहेर आला. देवासहून आलेली सुमंगला छातीशी पेटी धरून काळजीत उभी होती. पेटीत तिच्या वडिलांचा, बापूंचा ओबो होता. सनईसारखंच काळ्या लाकडाचं हे विलायती वाद्य बापू संस्थानच्या बँडात वाजवत. एकदा ऐन थंडीत, पहाटेच्या मिरवणुकीत त्यांनी गार ओबोत तशीच फुंक घातली आणि लाकडाला बोटभर चीर गेली. ती पुढे बुजवून घेतली, पण बापू कायम हळहळत, "पोरी, आतून ऊन श्वास, बाहेरून गारठा. लाकडानं सोसावं तरी किती?"

इकडे भाची अपूर्वा हटून बसली होती. "मावशी, मी मांडवात येईन ती तुझ्या ओबोवरच. और कोई बाजा नहीं!"

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील नारायणराव पेटती सिगडी घेऊन आले. "लाओ ताई, दोन मिनिटांत शेकून देतो."

"अहो, मक्याचं कणीस आहे का ते?" सुमंगला ओरडलीच आणि लगेच तिनं जीभ चावली. मुलाकडच्यांवर ओरडलो की आपण!

नारायणराव मात्र पोट धरून हसले. "मग करायचं काय, ते तरी सांगा."

"याला अंगाची ऊब लागते. हळूहळू, चांगला अर्धा तास."

"अर्धा तास?" सुमंगलाची थोरली बहीण, नवरीची आई अक्का, तिथं येऊन थबकली. "मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलीत! याचे तीन तुकडे होतात ना? मग आण इकडे, वाटून घेऊ."

वरचा तुकडा सुमंगलानं शालीखाली, काखेत धरला. मधला अक्कानं शेल्यात गुंडाळून पोटाशी घेतला. खालचं घंटेसारखं तोंड नारायणरावांच्या कोटात गेलं. एक हात कोटात घालून ते पाहुण्यांचं स्वागत करत फिरू लागले.

"हाथ को क्या हुआ, भिया?" कुणीतरी विचारलं.

"कुछ नहीं, बाजा सेक रहा हूँ!"

अपूर्वा हॉलच्या दाराशी आली तेव्हा सुमंगलानं तुकडे जोडले. लाकूड हाताला कोमट लागलं. तिनं आधी खालचे सूर हलकेच लावून पाहिले, अंगठ्यानं जुनी चीर चाचपली. सगळं शाबूत होतं. मग तिनं डोळे मिटून सकाळचा राग देसकार धरला. कोवळ्या उन्हात सूर असे मोकळे झाले की आचारीसुद्धा झारे हातात घेऊन बाहेर आले. अपूर्वा मामाचा हात धरून चालत होती, रडत होती आणि हसतही होती.

अक्षता पडल्या. नारायणराव घाईघाईनं सुमंगलाकडे आले.

"ताई, एक और!"

"आधी आतली वाफ पुसू द्या," सुमंगला म्हणाली आणि रेशमी फडकं ओबोतून ओढताना तिला हसू आवरेना.